गणकयंत्र, कारकून आणि अनुभवाची किंमत

जुन्या पेढीवरच्या मुनिमापुढें मालकाचा मुलगाही जपून बोलत असे. मुनीम गणितांत निष्णात असतो, हें त्याचें कारण नव्हे. बेरीज-वजाबाकी शाळेंतला पोरही करूं शकतो. कोणत्या गिऱ्हाइकाची उधारी दिवाळीनंतरच वसूल होते, कोणाची हुंडी नुसत्या शब्दावर घ्यावी व कोणाची दोनदां उलटून पाहावी, रोजकीर्दींतली कोणती नोंद खतावणींत भलत्याच नांवावर गेली म्हणजे वर्षअखेर ताळा जमत नाहीं, हें त्यास ठाऊक असे. आणि तें ठाऊक होण्यास वीस-पंचवीस वर्षें खर्ची पडलेलीं असत. मुनिमाची किंमत त्याच्या अक्षरावरून ठरत नसे, ती त्याच्या आठवणीवरून ठरे.

आतां हेंच जमाखर्चाचें काम संगणक करितो, आणि तें कसें करावें हें संगणकास सांगणारा एक नवा वर्ग उत्पन्न झाला आहे. पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित मध्यम वर्गांत असें घर विरळाच, कीं ज्याच्या नात्यागोत्यांत सॉफ्टवेअरच्या धंद्यांतील एखादी तरी व्यक्ति नाहीं. परंतु या धंद्यांत मुनिमाच्या अगदीं उलट समजूत रूढ झालेली दिसते. पंचविशीचा तरुण तेवढा कामाचा. पस्तिशींत त्यानें दुसऱ्यांवर देखरेख करावी. आणि पंचेचाळिशी उलटल्यावरही जो स्वतः आज्ञावली लिहीत बसतो, त्याचें आयुष्यांत कांहीं तरी चुकलें असावें, असा अभिप्राय घरींदारीं ऐकूं येतो. यंत्र नवें, भाषा नवी, तेव्हां माणूसही नवाच हवा, असा हा तर्क आहे. या तर्कास इतिहासाचा आधार कितपत आहे, हें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

व्यापारी कामासाठीं संगणकाचा नित्य उपयोग जगांत प्रथम कोणीं केला, असा प्रश्न विचारला तर बहुतेक वाचक एखाद्या मोठ्या बँकेचें किंवा अमेरिकन कारखान्याचें नांव घेतील. वस्तुस्थिति अशी आहे कीं, हा मान लंडनमधील एका चहा-केक विकणाऱ्या मंडळीकडे जातो. जे. लायन्स आणि कंपनी असें तिचें नांव. १८९४ सालीं पिकाडिली रस्त्यावर तिनें आपलें पहिलें चहाचें दुकान उघडलें, आणि पुढें लंडनभर तिच्या दुकानांचें जाळें पसरलें. हा धंदा म्हणजे थोडक्या नफ्याचे असंख्य व्यवहार. एका पावामागें एखादा फार्दिंग इकडे-तिकडे झाला, तरी वर्षाच्या अखेरीस तो फरक मोठा होई. त्यामुळें या कंपनीच्या भट्टीइतकेंच तिच्या हिशेबखात्यालाही महत्त्व होतें.

१९२३ सालीं केंब्रिजचा एक गणिती, जॉन सिमन्स, या हिशेबखात्यांत नोकरीस लागला. कारकुनी कामाचें शास्त्र बनवितां येईल काय, हा त्याच्या मनाला लागलेला ध्यास होता. त्याच्या प्रेरणेनें कचेरीच्या कामाचें संशोधन करणारी एक शाखाच कंपनींत निघाली. कोणता कागद कोणत्या मेजावरून कोठें जातो, तो तेथें कां जातो, आणि न गेला तर काय बिघडतें, याचा छडा लावणें हें या शाखेचें काम. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. संगणक हा शब्दही व्यापाऱ्यांच्या कानीं पडला नव्हता, तेव्हांपासून ही मंडळी पुढें संगणकास ज्या प्रश्नांचीं उत्तरें द्यावीं लागणार होतीं, तेच प्रश्न सोडवीत बसली होती.

१९४७ सालीं कंपनीनें टॉम्पसन व स्टँडिंगफर्ड या आपल्या दोन अधिकाऱ्यांस कचेरीच्या नव्या पद्धती पाहण्यासाठीं अमेरिकेस पाठविलें. प्रिन्स्टन येथें त्यांची हर्मन गोल्डस्टाइन या गणितज्ञाशीं गांठ पडली, आणि त्याच्याकडून त्यांस कळलें कीं आपल्याच देशांत, केंब्रिज विद्यापीठांत, मॉरिस विल्क्स असें यंत्र बांधीत आहे. परत आल्यावर लायन्सनें विद्यापीठास द्रव्याची व एका मनुष्याची मदत दिली. ६ मे १९४९ रोजीं केंब्रिजचें यंत्र चालूं लागलें. आणि त्याच धर्तीवर जॉन पिंकर्टन या तरुण पदार्थशास्त्रज्ञाच्या हातून कंपनीनें स्वतःचें यंत्र बांधविलें. त्याचें नांव लिओ. सुमारें सहा हजार निर्वात नळ्या आणि आंकडे स्मरणांत ठेवण्यासाठीं पाऱ्यानें भरलेल्या नळ्या, असा त्याचा संसार होता. नोव्हेंबर १९५१ मध्यें या यंत्रानें भट्ट्यांतून निघणाऱ्या मालाचें मोल काढण्याचें काम नियमितपणें हातीं घेतलें. व्यापारी संगणनाचा आरंभ म्हणून जो क्षण इतिहासकार मानतात, तो हाच होय.

आतां या यंत्रास आज्ञा देणारे कोण होते, तें पाहूं. त्यांचा मुख्य डेव्हिड कॅमिनर. त्याच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. १९३६ सालीं तो लायन्समध्यें उमेदवार म्हणून शिरला. महायुद्धांत ट्युनिशियाच्या रणभूमीवर त्याचा एक पाय गेला. परत आल्यावर सिमन्सच्या त्या संशोधन-शाखेचें काम त्यानें पाहिलें. लिओ चालूं झाला तेव्हां तो छत्तीस वर्षांचा होता, आणि पंधरा वर्षांपूर्वीं ज्या कंपनींत तो शिरला, तिच्या कागदांची वाट त्यास मुखोद्गत होती. यंत्राची विद्या त्यानें मागाहून शिकली, धंद्याची विद्या आधीं. लायन्सच्या चालकांचें मतही असेंच होतें कीं, कंपनीचा कारभार जाणणाऱ्या मनुष्यास यंत्राची भाषा शिकविणें हें यंत्र जाणणाऱ्यास कंपनीचा कारभार शिकविण्यापेक्षां सोपें आहे.

यावरून लिओच्या कचेरींत सगळे पिकल्या केसांचेच बसत असत, असें मात्र कोणी समजूं नये. १९५२ सालीं मेरी ब्लड नांवाची एक तरुणी तेथें आली. लग्नानंतर ती मेरी कूम्ब्स या नांवानें ओळखली गेली. तिची पदवी फ्रेंच भाषेची, आणि कंपनींत ती प्रथम लागली आइसक्रीमच्या विक्रीच्या कचेरींत. कंपनीनें आपल्याच नोकरांसाठीं यंत्राचा एक कसोटीवर्ग उघडला होता; त्यांत ती उत्तीर्ण झाली आणि व्यापारी आज्ञावली लिहिणारी पहिली स्त्री म्हणून इतिहासांत नोंदली गेली. तेव्हां तिचें वय अवघें तेवीस होतें. परंतु ती कोणाच्या शेजारीं बसली, हें महत्त्वाचें आहे. कॅमिनरचा दंडक असा होता कीं, कोणतीही आज्ञावली दुसऱ्यानें ओळ न् ओळ तपासल्याखेरीज यंत्रावर चढवावयाची नाहीं. आणि नित्याच्या व्यवहाराबरोबरच अपवादांचाही विचार कागदावर आधीं झालाच पाहिजे. नोकर महिन्याच्या मध्येंच काम सोडून गेला तर? पगारापेक्षां कापून घ्यावयाची रक्कमच अधिक झाली तर? असे प्रश्न तरुणाला सुचत नाहींत; ते ज्यानें पगाराच्या दिवशीं खिडकीपाशीं तक्रारी ऐकल्या आहेत, त्यालाच सुचतात. १९५४ सालीं पगारपत्रकाचें काम लिओकडे सोंपविलें गेलें, तेंही जुना व नवा हिशेब कांहीं काळ समांतर चालवून पाहिल्यावरच. अनुभवी कारकुनाला एका नोकराच्या पगारास सुमारें आठ मिनिटें लागत. यंत्राला दीड सेकंद पुरे होई. हा दीड सेकंद यंत्राचा होता. तो बिनचूक ठरला, याचें श्रेय मात्र त्या आठ मिनिटांच्या अनुभवास होतें.

त्याच वर्षीं दुसरें एक काम सुरू झालें, तें आम्हांस त्याहूनही मनोज्ञ वाटतें. चहाच्या दुकानांस रोज किती पाव, किती केक पाठवावयाचे, हा तो प्रश्न. पूर्वीं प्रत्येक दुकानाची व्यवस्थापिका रोज लांबलचक मागणीपत्र भरून पाठवी. नव्या पद्धतींत वारावारची नेहमींची मागणी यंत्रापाशीं आधींच नोंदलेली असे. व्यवस्थापिकेनें त्यांत काय कमी-जास्त करावयाचें तेवढेंच टेलिफोनवर सांगावें, पलीकडे बसलेल्या मुलीनें तें ऐकतां ऐकतां पत्त्यावर छिद्रांनीं टिपावें, आणि यंत्रानें मालाच्या याद्या छापून द्याव्यात. ही योजना नीट पाहिली म्हणजे तिच्यांतील शहाणपण दिसून येतें. उद्यां पाऊस पडणार, शेजारच्या नाटकगृहांत नवा खेळ लागला आहे, म्हणून केक किती जास्त लागतील, हें यंत्रास कळत नाहीं. तें दुकानांतल्या बाईस कळतें. म्हणून तिचा शब्द शेवटचा ठेविला. यंत्रानें तिची लेखणी घेतली, तिचा अधिकार घेतला नाहीं.

अटलांटिकच्या पलीकडे याच सुमारास ग्रेस हॉपर ही विदुषी याच दिशेनें चालली होती. १९०६ सालीं जन्मलेली ही गणिताची अध्यापिका महायुद्धांत आरमारांत दाखल झाली आणि हार्वर्डच्या प्रचंड यंत्रावर तिनें ही विद्या हस्तगत केली. व्यापारी लोकांना बीजगणिताचीं चिन्हें नकोत, त्यांना आपल्या रोजच्या शब्दांत यंत्राशीं बोलतां आलें पाहिजे, हा तिचा आग्रह. आणि त्यांतूनच इंग्रजी शब्दांनीं आज्ञा देण्याची रीत तिनें सिद्ध केली. मे १९५९ मध्यें पेंटॅगॉनमध्यें भरलेल्या सभेनंतर कोबोल नांवाची जी व्यापारी भाषा जन्मास आली, तिचा पाया हॉपरच्या या कामावर घातला गेला. तेव्हां तिचें वय त्रेपन्नाच्या घरांत होतें. १९६६ सालीं साठीमुळें आरमारानें तिला निवृत्त केलें. आणि पुढल्याच वर्षीं, आपल्या आज्ञावल्यांतील गोंधळ निस्तरण्यासाठीं, सहा महिन्यांच्या बोलीनें परत बोलाविलें. ते सहा महिने एकोणीस वर्षें पुरले. १९८६ सालीं रिअर ॲडमिरलच्या हुद्द्यावरून ती पुनः निवृत्त झाली, तेव्हां ती एकोणऐंशी वर्षांची होती.

आपल्या इकडेही आरंभीं वेगळें घडलें नाहीं. १९६८ सालीं मुंबईंत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही संस्था निघाली. पुढल्या वर्षीं तिचीं सूत्रें फकीरचंद कोहली यांच्या हातीं आलीं. तेव्हां ते पंचेचाळीस वर्षांचे होते, आणि त्यांचें आयुष्य वीजपुरवठ्याच्या कामांत गेलें होतें. ज्या वयांत आजचा प्रोग्रामर आपली उपयुक्तता संपली म्हणून धास्तावतो, त्या वयांत भारतीय सॉफ्टवेअरच्या धंद्याच्या जनकानें त्यांत पहिलें पाऊल टाकिलें.

मग अनुभवाची ही प्रतिष्ठा गेली कोठें? आमच्या मतें याचें मुख्य कारण एका गैरसमजांत आहे. आज्ञावली एकदां लिहून झाली कीं ज्ञान तिच्यांत उतरलें, लिहिणारा मनुष्य आतां नसला तरी चालेल, असें मालकांस वाटूं लागलें. डेन्मार्कचा पीटर नाऊर यानें १९८५ सालच्या एका निबंधांत या समजुतीचें खंडन केलें आहे. त्याचें म्हणणें असें कीं, आज्ञावली म्हणजे केवळ लिहिलेल्या ओळी नव्हेत. व्यवहाराचें कोणतें अंग त्या ओळींत कां व कसें आलें आहे, याची जी उपपत्ति करणाऱ्यांच्या मनांत असते, तीच खरी आज्ञावली. ती मंडळी पांगली म्हणजे ओळी राहतात, पण त्यांचा प्राण जातो. जुनें मोडी दफ्तर ज्यानें चाळलें आहे, त्यास हें सांगावयास नको. अक्षर लागतें, शब्दही लागतात. पण कुळकर्ण्यानें तें कलम तेथें कां घातलें, हें सांगणारा नसला म्हणजे वाचणारा अडतो.

या विसराळूपणाची किंमत दोनदां मोजावी लागली. पहिली इ. स. २००० च्या उंबरठ्यावर. जागा वांचविण्यासाठीं जुन्या आज्ञावल्यांत वर्षाचे शेवटचे दोनच आंकडे लिहीत. त्यामुळें २००० आणि १९०० यांतील भेद यंत्रास कळेना. रॉबर्ट बेमर यानें हा धोका १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभींच दाखविला होता. त्याकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं. शेवटीं ज्यांना घरीं बसविलें होतें, त्या वृद्ध कोबोल-पंडितांस पुनः कचेऱ्यांत बोलवावें लागलें. आणि मुंबई, पुणें, चेन्नई, बंगळूर येथील हजारों तरुणांस हें काम मिळालें. जुन्या ओळी तपासतां तपासतां त्यांतील अनेकांस परदेशच्या बँकांचा व विमा कंपन्यांचा कारभार आंतून समजला, हा त्या कंटाळवाण्या कामाचा खरा लाभ होय. त्यानंतरही धडा पुरता गिरवला गेला नाहीं. एप्रिल २०२० मध्यें, साथीच्या दिवसांत, न्यू जर्सीच्या राज्यपालांस कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांसाठीं जाहीर विनंति करावी लागली. कारण बेकारांस भत्ता देणारी त्यांची व्यवस्था चाळीस वर्षांहून जुन्या यंत्रणेवर उभी होती.

दुसरी किंमत याहून दारुण आहे, आणि दैवाचा खेळ असा कीं ती लिओच्याच वंशांत मोजावी लागली. लिओ बांधणारी कंपनी १९६३ सालीं इंग्लिश इलेक्ट्रिकमध्यें मिसळली. पुढें १९६८ सालीं त्या सर्वांतून आय. सी. एल. ही कंपनी झाली. ती १९९० सालीं जपानच्या फुजित्सूच्या ताब्यांत गेली. या कंपनीनें ब्रिटिश पोस्टासाठीं होरायझन नांवाची हिशेबाची व्यवस्था बांधिली व ती १९९९ पासून खेड्यापाड्यांतील टपालकचेऱ्यांत बसविली गेली. विक्रीचा हिशेब ठेवणाऱ्या भागाच्या दर्जाविषयीं कंपनीच्या आंतील अहवालांतच १९९८ सालीं गंभीर तक्रारी होत्या, हें पुढें सार्वजनिक चौकशींत उघड झालें. यंत्र तूट दाखवी. पोस्टमास्तर म्हणे, मीं पै घेतली नाहीं. आणि विश्वास यंत्रावर ठेविला जाई. नऊशेंहून अधिक माणसांस चोर ठरविण्यांत आलें. एक भारतीय वंशाची स्त्री तर गरोदर असतांना २०१० सालीं तुरुंगांत गेली. २०१९ च्या डिसेंबरांत न्यायालयानें यंत्रणेंतील दोष मान्य केले, २०२१ सालीं अपील न्यायालयानें त्या स्त्रीसह एकोणचाळीस जणांवरील शिक्षेचा डाग पुसला, आणि उरलेल्यांसाठीं २०२४ सालीं पार्लमेंटास स्वतंत्र कायदा करावा लागला.

या अनर्थाचा सारा दोष प्रोग्रामरांच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. सत्य झांकणारे अधिकारी आणि यंत्राची साक्ष आंधळेपणानें मानणारी न्यायपद्धति यांचा वांटा फार मोठा आहे. तथापि दोन चित्रें शेजारीं ठेवून पाहावीं. एकांत चहाच्या दुकानांतील बाई टेलिफोनवर बोलते आहे आणि यंत्र तिचें ऐकून याद्या दुरुस्त करितें आहे. दुसऱ्यांत टपालकचेरींतील बाई टेलिफोनवर गयावया करिते आहे, आणि यंत्रच खरें, असें तिला पलीकडून सांगण्यांत येत आहे. पन्नास वर्षांत यंत्र लक्षपटींनीं वेगवान झालें. परंतु यंत्र आणि गल्ला यांच्यामध्यें जो जाणता मनुष्य उभा होता, तो नाहींसा झाला.

कोणी आक्षेप घेईल कीं, वय वाढलें म्हणजे शहाणपण वाढतेंच असें नाहीं. वीस वर्षांचा अनुभव म्हणजे पुष्कळदां एकाच वर्षाचा अनुभव वीस वेळां घेतलेला असतो. हें आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. हॉपरच्या कचेरींत भिंतीवर उलटे फिरणारें घड्याळ टांगलेलें असे. ‘आजवर असेंच चालत आलें’ हें कोणत्याही गोष्टीचें समर्थन होऊं शकत नाहीं, याची तें आठवण करून देई. नवी भाषा, नवी रीत शिकण्याची उमेद ज्यानें सोडली, त्यानें केवळ पांढऱ्या केसांवर मान मागूं नये. आणि अगदीं अलीकडे यंत्रेंच आज्ञावल्या लिहूं लागलीं आहेत. तेव्हां आतां तरी जुन्याजाणत्यांची गरज संपली, असें कोणी म्हणेल. आम्हांस उलट वाटतें. ओळी लिहिण्याचें काम जितकें स्वस्त होईल, तितकें त्या ओळींत काय असावें हें ठरविण्याचें काम महाग होणार. आणि तें ठरविण्यास खिडकीपाशींच्या तक्रारी ऐकलेला कानच लागणार.

तात्पर्य, प्रश्न तरुण हवा कीं प्रौढ, असा नाहींच. लायन्सच्या कचेरींत तेविशीची मेरी आणि छत्तिशीचा कॅमिनर एकाच मेजावर एकमेकांच्या ओळी तपाशीत होते, त्या काळीं हा वाद कोणास सुचलाही नाहीं. तरुणाची चपळाई आणि प्रौढाची आठवण यांचा ज्या पेढीवर मेळ बसतो, तिचा ताळा जमतो. आपल्या घरांतील एखादा पंचेचाळिशीचा काका अजून स्वतः आज्ञावली लिहितो म्हणून हळहळणाऱ्यांनीं त्यास एकदां विचारावें, कीं बँकेचें व्याज महिनाअखेरीस कसें फिरतें, विम्याचा दावा कोठें अडतो. तो जें सांगेल, तें कोणत्याही पुस्तकांत सांपडणार नाहीं. आणि तो निवृत्त होण्याच्या आधीं शेजारच्या मेजावरील कोणी तरी तें ऐकून घेतलें पाहिजे.